तीन रेघांचं अंतर

दुधाच्या टँकरची पाठ नुकत्याच घासलेल्या पातेल्यासारखी लखलखत होती आणि तिच्यात त्यांचीच गाडी दिसत होती. आधी लिंबाएवढी, मग वाटीएवढी, मग चांगली ताटाएवढी. फुगीर स्टीलमध्ये बॉनेट पसरट झालेलं, काच वाकडी, आणि काचेमागे दोन डोकी: त्याचं ताठ, बायकोचं खांद्याकडे कललेलं. तो हे सगळं बघत होता, मजेत बघत होता म्हटलं तरी चालेल. टँकरचे मागचे दिवे लाल झाले तेही त्याला दिसलं. दिसलं नाही असं पुढे कधी म्हणायची सोयच नव्हती, कारण तो लाल रंग स्टीलवर कसा पसरला, मेंदी लावलेल्या हातावर पाणी ओतावं तसा, हेसुद्धा त्याच्या ध्यानात राहिलं होतं. दिसूनही तो वाट बघत होता. आता गाडी जरा नाक खाली घालेल, आता पोटात किंचित ओढल्यासारखं होईल, आता टँकर होता तिथेच थांबल्यासारखा दिसेल. ताट परातीएवढं झालं. आणि मग, कुणीतरी मागून नाव घेऊन हाक मारावी तसा, त्याला आपला उजवा पाय आठवला. तो पाय सीटखाली आरामात दुमडून बसला होता, पाहुण्यासारखा. पुढचं सगळं पायानेच केलं. टायर किंचाळले, मागच्या सीटवरची पाण्याची बाटली धाडकन खाली पडून गडगडत पुढे आली, पट्टा छातीत रुतला, आणि गाडी उभी राहिली तेव्हा बंपर आणि टँकर यांच्या मधे एखादं खोकं मावलं असतं. तेही आडवं नाही, उभं. बायकोचे डोळे उघडे होते. समोरच्या स्टीलमध्ये तिचा चेहरा सुपाएवढा होता. ती म्हणाली, "आलं का?" तो म्हणाला, "नाही, अजून वेळ आहे." तिने डोळे मिटले. टँकर निघाला, मागच्याने हॉर्न वाजवला, आणि त्याने गाडी पुढे घेतली.

म्हटलं तर झालं काहीच नव्हतं. झालं काहीच नाही हे तो नंतर स्वतःला इतक्या वेळा सांगत राहिला की त्या वाक्याचीच त्याला भीती वाटायला लागली. चूक कुठे झाली हे तर त्याला तिथल्या तिथेच कळलं होतं. ही जुनी गाडी होती. नवीचा बंपर कुणीतरी पार्किंगमध्ये ठोकून गेलं होतं, आणि वर्कशॉपच्या मुख्य मेकॅनिकने सांगितलं की बंपरमागचा रडारचा डोळा जरा तिरपा झालाय, तो सरळ करायला हवा, ठेवून जा. म्हणून मेहुण्याकडे दिलेली जुनी गाडी एका रविवारपुरती मागून आणली. मेहुणा किल्ली देताना, याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या नोकरीवरून चिडवत, दारातच म्हणाला होता, "काय पुठ्ठेसाहेब, नवी रुसली वाटतं? या, जुनी कधीच रागावत नाही, भावोजी." जुन्या गाडीतही क्रूझ होतं, पण साधं. वेग ठरवून बटण दाबलं की ती तो वेग धरून ठेवायची, एवढंच तिला यायचं. समोर ट्रक असो, भिंत असो, हत्ती असो, ती आपल्या वेगाला इमानाने चिकटून राहणार. थांबवायचं काम तुमचं. नवीतलं क्रूझ निराळं, अडॅप्टिव्ह. ती वेगापेक्षा पुढच्याचं अंतर जपायची; पुढचा हळू झाला की ही हळू, तो पळाला की ही पळणार, चांगल्या शिकवलेल्या कुत्र्यासारखी मागे मागे. वर्षभर नवीत बसून तो जुनीत बसला होता आणि दोन्हींचं बटण नेमकं एकाच जागी होतं, अंगठ्याखाली. अंगठ्याने बटण दाबलं आणि बाकीचा माणूस कामावरून सुटला.

पण बटणाची जागा सांगून सुटण्यासारखं ते नव्हतं, कारण ते रविवारचं जाणं फिरायला जाणं नव्हतं. ते बायकोचं झोपणं होतं. बायकोला घरी झोप लागत नसे. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत लागायची, मग हळूहळू कधी गेली ते दोघांनाही सांगता आलं नसतं. सांडशी हरवते तशी हरवली, एक दिवस हवी होती तेव्हा कळलं की नाही. ती कानांच्या तपासणीच्या खोलीत काम करायची. आवाज आत येऊ नये म्हणून त्या खोलीच्या भिंतींना जाड स्पंज लावलेला, दार बँकेच्या तिजोरीसारखं, आणि काचेपलीकडे कानावर मोठे हेडफोन लावून बसलेला माणूस. ती अगदी बारीक सूर सोडायची आणि त्याने ऐकू आलं की बोट वर करायचं. दिवसभर हे. त्याचा परिणाम म्हणा किंवा मूळचाच स्वभाव म्हणा, तिला घरातलं सगळं ऐकू यायचं. फ्रिज थांबताना दात खातो ते, लिफ्टची साखळी, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याच्या चपला, आणि त्याचं स्वतःचं झोपणं. तू झोपलास की माझी पाळी सुरू होते, असं ती एकदा म्हणाली होती, हसत. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, पायाला तेल लावून झालं. मग एका लग्नाहून परत येताना, भर दुपारी, हायवेवर, जुन्या गाडीत, त्याने वेग लावून बटण दाबलं, इंजिनाचा सूर एका जागी स्थिर झाला, आणि ती झोपली. तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. तो घराच्या फाट्यावर वळलाच नाही. पुढे गेला, पेट्रोलचा काटा खाली येईपर्यंत गेला, मग वळून आला. ती उठली तेव्हा गालावर पट्ट्याचा वळ होता आणि ती इतकी सुंदर दिसत होती की त्याला रडू येईल की काय असं वाटलं. तेव्हापासून रविवार ठरला. सासूबाई म्हणायच्या, काय बाई हौस, इंधन जाळून झोपायची. लोक बायकोला दागिने करतात; तो झोप करायचा. कुणाला सांगायचा नाही, पण मनातल्या मनात त्याची मान ताठ असायची.

आणि ते खरंच त्याचं करणं होतं. साध्या क्रूझवर पाय मोकळा असला तरी मोकळा नसतो. तो ब्रेकच्या वर बोटभर अधांतरी धरून ठेवावा लागतो, पोटरीत गोळा येईपर्यंत. समोरचा प्रत्येक ट्रक हा एक प्रश्न असतो. लेन बदलणारा, मधेच कुत्रं, दूर कुठेतरी धूर: तो सगळं आधी बघायचा, कारण अचानक ब्रेक लागला तर ती जागी होईल. आधीच बटण सोडायचं, गाडी आपोआप मंदावू द्यायची, मग पाय ठेवला न ठेवला असा ठेवायचा. कारखान्यात तो हेच करायचा. दिवे, काचेची भांडी, बाटल्या यांच्यासाठी पुठ्ठ्याची खोकी आखायचा. काच आणि पुठ्ठा यांच्यात फट किती ठेवायची यावर त्याची सगळी हुशारी. फट कमी झाली तर काच फुटते, जास्त झाली तरी फुटते, कारण मग ती आतल्या आत आपटते. नमुन्याचं खोकं खांद्याच्या उंचीवरून खाली टाकायचं, उघडायचं, बघायचं. सहकारी चेष्टा करायचे की याच्या घरी भांडण झालं तरी हा आधी मधे स्पंज घालत असेल. रविवारी पुढची सीट हे एक खोकं असायचं, आत ती, आणि सगळ्या बाजूंनी फट सांभाळत तो. जागा राहून. पाठ दुखायची, डोळे चुरचुरायचे, सोमवारी तो कामावर पेंगायचा. पण एका माणसाची झोप दुसऱ्याच्या जागण्यातून निघते हा हिशोब त्याला मान्य होता. उलट तो हिशोब आहे म्हणूनच आपण नवरा आहोत असं त्याला वाटायचं.

नवी गाडी त्याने तिच्यासाठीच घेतली. शोरूममधला मुलगा पडद्यावर दाखवत होता: ही तुमची गाडी, ही पुढची, मधे या रेघा. एक रेघ म्हणजे जवळ, तीन रेघा म्हणजे लांब. आवडेल तेवढं अंतर ठेवा, सर. त्याने तीन रेघा लावल्या, जणू कुणी त्याला शेवटी त्याच्या धंद्यातलीच गोष्ट विकत होतं. आणि पहिल्या रविवारी तर तो थक्क झाला. गाडी त्याच्यापेक्षा मऊ ब्रेक लावायची. बायको झोपली ती टोल नाक्यावरही उठली नाही. तो बराच वेळ पाय अधांतरी धरून बसला, नोकरी गेलेला माणूस सकाळी उठून इस्त्रीचे कपडे घालतो तसा. मग पाय टेकला. मग, पुढे कधीतरी, दुमडला. त्याने शेतं बघितली, विजेच्या तारांवरचे पक्षी बघितले, एका अवघड फुलदाणीचं खोकं मनातल्या मनात घडी घालून उलगडलं. एकदा तर फाटा आला तेव्हा त्याला कळेना की मधला सगळा रस्ता कुठे गेला. पूल होता, बोगदा होता, त्यातलं काहीच त्याच्याजवळ नव्हतं. तो दचकला होता तेव्हा, पण सुखाने दचकला होता. केवढी विश्रांती. सोमवारी पेंगणं थांबलं. बायको म्हणाली, हल्ली तू रविवारी दमत नाहीस. तो म्हणाला, सवय झाली. हे खोटं नव्हतं, आणि ते खोटं नव्हतं हीच त्यातली वाईट गोष्ट होती, पण हे त्याला टँकरची पाठ दिसेपर्यंत कळायचं नव्हतं.

नवी गाडी वर्कशॉपमधून आली. रडारचा डोळा सरळ झाला होता, मेहुण्याची गाडी धुऊन परत दिली होती, आणि रविवार आला. बायको नेहमीसारखी बसली, सीट मागे केली, चप्पल काढली, डोळे मिटले. त्याने तीन रेघा लावल्या आणि पाय पुन्हा अधांतरी धरला. गाडी स्वतःच ब्रेक लावायची आणि वर हाही पाय आवळायचा. आणि मधून मधून तो तिच्याकडे बघायचा. तिची खरी झोप त्याच्याइतकी कुणालाच माहीत नव्हती. खऱ्या झोपेत तिचा श्वास वेडावाकडा चालायचा, दोन लांब, मग एक विसरल्यासारखा, मग घाईने तीन. आता श्वास सरळ चालला होता. एकसारखा. फार एकसारखा. तिनेच सांगितलेलं होतं त्याला मागे, एका पोराबद्दल, जे शाळा चुकवायला बहिरं झालं होतं, आणि एका आजोबांबद्दल, जे ऐकू येत नसताना सुनेसमोर लाज नको म्हणून अंदाजाने बोट वर करत होते. फसवणारी माणसं कशी ओळखायची, तर ती फार नीट वागतात, असं ती म्हणाली होती. खरं ऐकणारा माणूस चुकतो, घुटमळतो, बोट अर्धं वर करून खाली घेतो. तिने आवंढा गिळला. झोपलेलं माणूस असा आवंढा गिळत नाही. समोर एक बस मंदावली, गाडीने आपली आपण चाल कमी केली, आणि मिटल्या डोळ्यांनी बायकोच्या मांडीवरच्या हाताची बोटं ओढणीत घट्ट रुतली. त्याने समोर बघितलं. काही बोलायला हवं होतं. पण ती झोपली होती ना. झोपलेल्या माणसाशी कोण बोलतं. असे किती रविवार गेले. ती झोपल्याचं करायची, तो फसल्याचं करायचा, आणि परत आल्यावर ती आळोखेपिळोखे देऊन म्हणायची, बरं वाटलं हं. डोळ्यांखाली काजळ पुसून पसरावं तसं काळं. तो म्हणायचा, चल, चहा टाकतो. एकमेकांशी इतक्या प्रेमाने ते दोघं आयुष्यात कधी वागले नव्हते. घरात काचेचं काहीतरी ठेवलंय आणि दोघंही चवड्यांवर चालतायत असं सगळं चाललं होतं. कामावर तिने एका माणसाच्या चुकीच्या कानाचा कागद भरला, डाव्याचा उजवा. हे तिने त्याला गंमत म्हणून सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज मधेच विझला. नोकरीचं त्याला काही वाटलं नाही. ती आता कुठेच झोपत नव्हती, हे त्याला त्या विझलेल्या आवाजात ऐकू आलं. जगात एक जागा होती तिची झोपायची, त्याच्या उजव्या पायाच्या भरवशावरची, आणि ती त्याने घालवली होती.

मग एका रविवारी परतीच्या वाटेवर ते पेट्रोल पंपाला लागून असलेल्या जागेत थांबले. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, यंत्राची कॉफी, काचेबाहेर धूळ खात उभे ट्रक. बाजूच्या टेबलावर एक ट्रकवाला फोनवर कुणाला तरी समजावत होता की वांगी नको, कालचीच आहे ती संपव. बायकोने कप दोन्ही हातांत धरला होता, पण पीत नव्हती. मग तिने, जणू किती वाजले विचारावं तसं, विचारलं:

"त्या दिवशी तू कशाची वाट बघत होतास?"

त्याचे कान गरम झाले. कुठल्या दिवशी, असं विचारायची इच्छा अगदी ओठांपर्यंत आली आणि तिथेच लाजून बसली. म्हणजे तिचे डोळे उघडे होते. टायर किंचाळायच्या आधीपासून उघडे होते, आणि त्या स्टीलमध्ये तिनेही ते सगळं वाढताना बघितलं होतं, लिंबू, वाटी, ताट, आणि त्याचा शांत चेहरा. ती किती वेळ बघत होती? तिने ओरडायला हवं होतं. की तीही वाट बघत होती, त्याची? या विचाराने त्याला इतकं गरगरलं की तो एकदम समजावून सांगायला लागला. साखरेची पुडी ही आपली गाडी, हा कप टँकर. जुनी नुसता वेग धरते, तिला पुढचं दिसत नाही. नवी पुढचं बघते, अंतर कमी झालं की स्वतःच ब्रेक लावते. वर्षभर नवीची सवय. पायाला वाटलं गाडी थांबेल. बस्स, एवढंच झालं, दुसरं काही नाही. मी काही झोपलो नव्हतो, मला दिसत होतं, तू काहीबाही मनात आणू नकोस. तो पुडी कपापर्यंत सरकवून पुन्हा मागे आणत होता, पुन्हा पुन्हा, आणि त्याला खरोखर वाटत होतं की हे कळलं की ती सुटेल. यंत्रातला फरक तर आहे. कुणाचा काय दोष यात. बायको त्या पुडीकडे बघत होती, काचेपलीकडच्या माणसाच्या बोटाकडे बघावं तशी.

"म्हणजे नवीत मी झोपायचे तेव्हा गाडी बघायची," ती म्हणाली.

"हो. आणि माझ्यापेक्षा बरं बघते ती. खरंच."

"आणि तू?"

तो म्हणाला, "मी होतो की. शेजारीच होतो."

तिने मान हलवली, दोनदा, अहवालात काय लिहायचं ते ठरल्यासारखी. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिला वाईट वाटत होतं, आणि तेही त्याच्यासाठी, हे त्याला दिसलं. ती वर्षभर गाढ झोपली होती, तोंड उघडं टाकून, एका माणसाच्या हवाली होऊन. आणि तो माणूस तारांवरचे पक्षी बघत होता. झोप खरी होती. ज्याच्या हवाली केली तो नव्हता. बंपरमागे एक बोटभर डोळा होता, आणि त्याला ती कोण हेही ठाऊक नव्हतं. आता ती झोप मागच्या तारखेने परत घेता आली असती तर तिने घेतली असती, असं त्याला वाटलं. त्याने पुडी फाडून साखर कपात ओतली. कॉफी केव्हाच संपली होती.

बाहेर आल्यावर तिने हात पुढे केला. किल्ली दे, म्हणाली. तो म्हणाला, अगं हायवे आहे, आणि तुझी झोप झालेली नाही. ती म्हणाली, तुझीही नाही, तुझे डोळे बघ आरशात. ती शहरात रोज चालवायची, कामावर जायची यायची, तेव्हा तसं म्हणायला जागाही नव्हती. तो तिच्या सीटवर बसला. सीट मागे झुकलेली, तिच्या डोक्याच्या तेलाचा वास. इथून रस्ता वेगळाच दिसत होता. समोर स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही, फक्त येत राहणारं जग. तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, पुढे वाकून, आणि गाडी रस्त्यावर घेतली. तिला उतार कळायचा नाही, वेग कमीजास्त व्हायचा, मधेच ती उगाच ब्रेक लावायची. ट्रक मागून ओरडून पुढे जायचे. त्याने ठरवलं की जागं राहायचं. तिच्यासाठी तेवढं तरी. आपण बघायचं, ट्रक आला की सांगायचं. पहिला ट्रक त्याने सांगितला. "दिसला," ती म्हणाली. दुसरा सांगायच्या आधीच तिने पाय उचलला होता. तिला सगळं दिसत होतं. तिला ऐकूही येत असणार, मागच्या गाडीचं इंजिन, टायरखालचा खडा, त्याचा श्वास. तिच्या पोटरीचा स्नायू सलवारीच्या कापडाखाली ताणलेला दिसत होता, आणि तो बघता बघता त्याच्या आत काहीतरी सैल पडायला लागलं. नको, त्याने स्वतःला सांगितलं. आत्ता नको. त्याने मांडीला चिमटा काढला. इंजिनाचा सूर वर जात होता, खाली येत होता, कुणीतरी जागं होतं, आणि खोक्याच्या चारही बाजूंनी कुणीतरी अगदी नेमकी फट ठेवली होती.

तो उठला तेव्हा गाडी बंद होती. समोर त्यांच्याच इमारतीची भिंत, पाण्याचे पाइप, शेजाऱ्यांची सायकल. संध्याकाळ होऊन गेली होती आणि पार्किंगमधला दिवा लागला होता. त्याची मान आखडली होती, हनुवटी ओली होती. बायको स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसली होती, पट्टाही न काढता. इंजिन गार पडल्याचं त्याला वासावरून कळलं. म्हणजे येऊन बराच वेळ झाला होता.

"उठवायचं ना," तो म्हणाला.

"झोपला होतास."

त्याला विचारायचं होतं की एवढा रस्ता कसा आणलास, क्रूझ लावलंस का, पण तिने उजवा पाय हातांनी उचलून बाजूला ठेवला, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा, आणि ते विचारायचं राहिलं. पुढच्या रविवारी मी चालवतो, तो म्हणाला, काहीही न लावता, नुसत्या पायाने, शपथ. तू झोप. ती त्याच्याकडे वळली. दिव्याच्या पिवळ्या उजेडात तिचे डोळे तांबारलेले आणि सताड उघडे होते, आता कधी मिटतील असं वाटत नव्हतं.

"चालव ना," ती म्हणाली. "मी बघत बसेन."

तिने दार उघडलं. वर आतला दिवा लागला आणि त्या उजेडात ती त्याचा चेहरा बघत राहिली. त्याने मान खाली घातली. किती महिन्यांनी त्याला इतकं ताजंतवानं वाटत होतं, आणि ते लपवायला गाडीत कुठेच जागा नव्हती.